डिंगीनंतर कोणती होडी?

शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत माणसाचे वय जन्मदाखल्यावरून ठरत नाही. ते गुडघे आणि कंबर ठरवितात. डिंगी या नावाने ओळखली जाणारी हलकी, उघडी होडी वाऱ्याने एका बाजूस कलू लागली की तिला सरळ ठेवण्यासाठी काठावर बसून, पावले पट्ट्यात अडकवून सारे शरीर पाण्यावर बाहेर झोकून द्यावे लागते. शर्यत तासाभराची असेल तर हा व्यायाम तासभर चालतो. होडी उलटली तर पाण्यात पडावयाचे, तिच्या पोटातून बाहेर आलेल्या फळीवर चढून भार द्यावयाचा, ती उभी राहिली की काठावरून पुन्हा आत शिरावयाचे. पंचविशीत ही गंमत असते. पंचेचाळिशी उलटल्यावर तीच गंमत सोमवारी सकाळी कचेरीच्या जिन्यावर आठवत राहते.

ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया अशा देशांत, जेथे नोकरदार माणूसही शनिवार-रविवारी होडी घेऊन पाण्यावर जातो, तेथे वीस-पंचवीस वर्षे डिंगी चालविलेल्या माणसापुढे हा प्रश्न कधी ना कधी उभा राहतोच. पुष्कळ जण मग खेळच सोडतात. काही जण पंच होऊन किनाऱ्यावरून शिट्ट्या वाजवितात. काही जण झोपण्याची सोय असलेली मोठी होडी घेऊन सावकाश फिरू लागतात. परंतु ज्याला शर्यतच हवी आहे, सुरुवातीच्या रेषेवरील ती दाटी आणि वाऱ्याच्या प्रत्येक वळणावर करावा लागणारा तो निर्णय हवा आहे, पण पाण्यात पडणे आता नको आहे, अशा माणसासाठी एक मार्ग उरतो. तो मार्ग म्हणजे कीलबोट, आणि तीही हाताळावयास सोपी असलेली. मात्र ‘सोपी’ या शब्दाचा अर्थ बहुतेक खरेदीदार चुकीचा लावतात.

कीलबोट म्हणजे तळाच्या मध्यभागी शिशाचा अथवा लोखंडाचा जड पंखा कायमचा जडविलेली होडी. डिंगीत हा पंखा नसतो. तेथे वर ओढून घेता येणारी हलकी फळी असते, आणि तोल सांभाळण्याचे काम माणसाचे शरीर करते. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर कीलबोटीत श्रमाच्या जागी भांडवल आले आहे. माणसाच्या पोटाच्या स्नायूंनी जे काम करावयाचे, ते पाण्याखाली लटकलेले लोखंड निमूटपणे करते. या बदलाची किंमत अर्थातच आहे. तरुण शरीर फुकट मिळते. लोखंड विकत घ्यावे लागते, ते ओढावयास मोटार लागते, पाण्यात सोडावयास पुष्कळदा क्रेन लागते, आणि ते गंजते.

हा बदल केवळ हौशी म्हाताऱ्यांपुरता मर्यादित नाही. ब्राझीलच्या रॉबर्ट शाइटने एकट्याने चालविण्याच्या लेझर डिंगीत १९९६ आणि २००४ साली ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविले आणि नंतर तो स्टार या दोघांच्या कीलबोटीकडे वळला. तीत त्याला २००८ साली रौप्य व २०१२ साली कांस्यपदक मिळाले. इंग्लंडच्या इयन पर्सीने २००० साली फिन डिंगीत सुवर्ण जिंकले आणि २००८ साली स्टारमध्ये. अनुभव वाढत जातो आणि शरीर थकत जाते, तेव्हा अनुभवाला अधिक भाव देणाऱ्या होडीत जाणे शहाणपणाचेच. २०१२ नंतर ऑलिंपिकमधून कीलबोटी हद्दपार झाल्या, आणि २०१६ च्या रिओ स्पर्धेसाठी त्रेचाळीस वर्षांच्या शाइटला पुन्हा लेझरमध्ये बसावे लागले. तरीही त्याने चौथा क्रमांक मिळविला. परंतु शाइटच्या गुडघ्यांवरून सामान्य कारकुनाने अथवा शिक्षकाने आपल्या गुडघ्यांचा अंदाज बांधू नये.

आता ‘सोपी’ म्हणजे काय? क्लबच्या धक्क्यावर उभे राहून खरेदीदार दोरांची संख्या मोजतो. डोलकाठीला मागून ताणणारे आणि प्रत्येक वळणावर सोडावे-बांधावे लागणारे दोर आहेत काय? स्पिनेकर, म्हणजे वारा पाठीशी असताना फुगविण्याचे ते मोठे पातळ शीड, उभारताना कोणाला नाळेपर्यंत धावावे लागते काय? हे प्रश्न गैर नाहीत. स्टार ही होडी या कसोटीवर नापासच होते. तिची शिडे प्रचंड, डोलकाठी नाजूक, आणि मागचे ते दोर सोडावयास एक क्षण उशीर झाला तर डोलकाठी मोडते. सोलिंगही नापास होते. नॉर्वेच्या यान लिंगे याने आखलेली ही तिघांची होडी १९७२ ते २००० पर्यंत ऑलिंपिकमध्ये होती. तिला लोखंडाचा भार असूनही तिचे खलाशी वाऱ्यात काठाबाहेर उताणे लोंबकळतात. डिंगीतून सुटका व्हावी म्हणून सोलिंग घेणे म्हणजे आगीतून उठून फुफाट्यात पडणे होय.

पण दोरांच्या मोजदादीत खरी अडचण निसटते. मध्यमवयीन माणसाजवळ सर्वांत दुर्मिळ साधन पैसा नसतो; बळही नसते. ते असते दुसऱ्या माणसाचा मोकळा रविवार.

यासाठी साधे गणित पुरेसे आहे. समजा, प्रत्येक माणूस पाच रविवारांपैकी चार रविवार मोकळा आहे. उरलेला एक रविवार घरचे लग्न, मुलाची परीक्षा, सासऱ्यांचे दुखणे यांपैकी कशाला तरी जातो. आणि समजा, प्रत्येकाची अडचण दुसऱ्याच्या अडचणीशी संबंध नसलेली आहे. मग दोघांची होडी शंभर रविवारांपैकी चौसष्ट रविवारी पुऱ्या माणसांनिशी पाण्यात जाईल. तिघांची एक्कावन्न रविवारी. चौघांची एक्केचाळीस रविवारी. पाच जणांची जेमतेम तेहतीस. म्हणजे एक-एक माणूस वाढला की होडीच्या उपयोगाचा पाचवा हिस्सा जातो, आणि क्रेनचे भाडे, विमा, क्लबातील जागेची वर्गणी मात्र पूर्वीइतकीच राहते. बदली माणूस मिळत नाही असे नाही. परंतु शिकविल्याशिवाय तो नुसता भार असतो, आणि भारासाठी तर लोखंड आधीच घेतलेले असते.

एकट्याने चालविण्याची कीलबोट हा या गणिताचा तर्कशुद्ध शेवट. तशी होडी आहे आणि ती चांगलीही आहे. २.४ मीटर वर्गाची ही होडी सुमारे चार मीटर लांबीची, पूर्ण भारलेली. चालविणारा तीत खोल, पुढे तोंड करून बसतो आणि सर्व दोर त्याच्या हाताशी येतात. २००० ते २०१६ या काळात ती पॅरालिंपिक स्पर्धांत होती, आणि तीत अपंग व धडधाकट खेळाडू एकाच शर्यतीत बरोबरीने उतरतात, ही गोष्ट दुसऱ्या फारच थोड्या खेळांबाबत म्हणता येईल. पण वीस वर्षे जोडीदाराबरोबर भांडत शर्यती केलेल्या माणसाला तीत एकटेपणा वाटतो. वाऱ्याचा अंदाज चुकला तर दोष कोणाला द्यावयाचा?

म्हणून दोघांच्या होडीपाशी येऊन थांबणे बरे. ब्रिटन-आयर्लंडमध्ये अशा दोन होड्या प्रामुख्याने डोळ्यांसमोर येतात. एक स्क्विब. १९६७ साली ऑलिव्हर ली याने आखलेली, पावणेसहा मीटरांच्या आसपास लांबीची, लांबीच्या मानाने चांगलीच जड. ती वेगवान नाही. पण जोरदार वाऱ्यातही ती घाबरत नाही आणि चालविणाऱ्याला घाबरवीत नाही. दुसरी फ्लाइंग फिफ्टीन, आणि तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहावयास हवे. कारण डिंगीवाल्या माणसाने डिंगीवाल्या माणसासाठी आखलेली कीलबोट म्हणून तिच्याइतके चोख उदाहरण सापडणे कठीण.

तिचा जनक उफा फॉक्स हा आइल ऑफ वाइट बेटावरील काउझ गावचा होडीबांधणीकार. डिंगीला लाटेवर उचलून पाण्याच्या पृष्ठभागावरून सरकत न्यावयाचे तंत्र त्याने रुळविले. १९२८ साली बांधलेली त्याची ‘अॅव्हेंजर’ ही चौदा फुटी डिंगी ५७ शर्यतींत उतरली आणि त्यांपैकी ५२ तिने जिंकल्या. असा हा माणूस १९४७ साली एकोणपन्नास वर्षांचा असताना कीलबोट आखावयास बसला. तिची एकूण लांबी वीस फूट. नावातील पंधरा हा आकडा पाण्याला टेकलेल्या लांबीचा आहे. खाली पावणेदोनशे किलोंच्या घरातील ओतीव लोखंडाचा पंखा, वर डिंगीसारखे निमुळते, हलके अंग. त्यामुळे वारा चांगला असला की ती पाणी कापीत न राहता पाण्यावर उचलली जाते आणि सरकू लागते. जड कीलबोटीत बसलेल्या जुन्या डिंगीवाल्याला जो एक आनंद कायमचा गमावल्यासारखा वाटतो, तो येथे शिल्लक राहतो. तारेला लोंबकळावयाचे ट्रॅपीझ नाही. काठावर बसून थोडे बाहेर झुकावे लागते, एवढे खरे. पण झुकलेच नाही तर होडी उलटत नाही, फक्त मागे पडते. शिक्षेतील हा फरक लहान नव्हे.

काउझच्या नागरिकांनी राजपुत्र फिलिप यांना ‘काउस्लिप’ नावाची फ्लाइंग फिफ्टीन भेट दिली आणि फॉक्स व राजपुत्र तीत एकत्र शर्यती करू लागले. वृत्तपत्रांत छायाचित्रे आली, होडीचा बोलबाला झाला. परंतु राजपुत्राच्या आवडीवर सत्तर-ऐंशी वर्षे कोणतीही होडी टिकत नाही. ती टिकली ती सामान्य माणसांच्या वर्गणीवर. रटलंडच्या जलाशयासारख्या समुद्रापासून दूर असलेल्या पाण्यावर, उत्तर आयर्लंडच्या स्ट्रँगफर्ड खाडीत, डब्लिनजवळच्या डन लिअरी बंदरात तिचे ताफे उभे राहिले. तिची विश्वस्पर्धा २०१९ साली डन लिअरीत भरली होती.

ताफा या शब्दाशी आपण येतो तेव्हा खरेदीचे सगळे गणितच पालटते. घड्याळ अथवा सायकल घेताना शेजाऱ्याने कोणते घेतले याने उपयोगात फरक पडत नाही. शर्यतीची होडी तशी वस्तू नव्हे. ती टेलिफोनसारखी आहे. एकट्याकडेच असेल तर शोभेची. एकाच वर्गाच्या दहा होड्या एका क्लबात असतील तर पहिली येणारी होडी पहिली ठरते, वादाला जागा उरत नाही. एकटीच असेल तर तिला निरनिराळ्या जातींच्या होड्यांबरोबर सोडून, प्रत्येकीच्या वेळेला ठरलेल्या आकड्याने भागून निकाल लावावा लागतो. आणि मग किनाऱ्यावर चहा पिताना कळते की अर्धा तास मागे राहिलेला एक गृहस्थ जिंकला. हेही शर्यतीचे एक रूप आहे, पण त्यात समोरच्याच्या डोळ्यांत पाहून केलेली चुरस नाही. म्हणून होड्यांची माहितीपत्रके चाळण्यापूर्वी खरेदीदाराने आपल्या घरापासून तासाभराच्या अंतरावर कोणत्या वर्गाच्या किती होड्या दर रविवारी प्रत्यक्ष पाण्यात उतरतात, ते मोजावे. धक्क्यावर ताडपत्रीखाली पडलेल्या होड्या मोजू नयेत. दुसऱ्या क्रमांकाची होडी पहिल्या क्रमांकाच्या ताफ्यात असेल तर तीच घ्यावी.

यामुळेच जुनी ड्रॅगन अजून मानाने जगते. नॉर्वेच्या योहान आंकरने १९२९ साली ती आखली तेव्हा उत्तर युरोपातील तरुणांना परवडेल अशी साधी होडी हा उद्देश होता. १९४८ ते १९७२ ती ऑलिंपिकमध्ये होती. आज ती देखणी आहे, तिचे ताफे मोठे आहेत, आणि ती स्वस्त मात्र उरलेली नाही. सुमारे सतराशे किलो वजन, बहुधा तिघांचा संच आणि स्पर्धेतील ईर्षा यांनी तिला मूळ उद्देशापासून फार दूर नेले. एचल्स या वर्गाने दुसरे टोक गाठले: तेथे होडीबरोबर माणसांचेही वजन करतात. संचाचे एकूण वजन २८५ किलोंपेक्षा अधिक चालत नाही. त्यामुळे मोठ्या स्पर्धेच्या आधी सुखवस्तू, पोक्त गृहस्थ गाजर-काकडीवर राहतात. २०१२ साली अमेरिकेत निघालेली जे-७० ही चौघांची होडी झपाट्याने जगभर पसरली. तिचा पंखा वर उचलता येतो, मोटारीमागे तिला दुसऱ्या गावी नेता येते, तिचे स्पिनेकर पुढे आलेल्या दांड्यावरून सहज उभे राहते. दोरांच्या कसोटीवर ती उत्तम ‘सोपी’ आहे. पण चौघांचे रविवार जमविणे मालकाच्याच गळ्यात पडते, आणि वरच्या पातळीवर हौशी मालकाशेजारी वेतन घेणारे खलाशी बसलेले दिसतात. हौशींसाठी वेगळे बक्षीस ठेवून या वर्गाने त्यावर थोडासा उतारा शोधला आहे.

वर्गाच्या नियमावलीकडे म्हणूनच खरेदीदाराने होडीपेक्षाही बारकाईने पाहावे. होडीचा आकार, वजन, शिडांची संख्या, दर वर्षी किती नवी शिडे घेता येतील, हे सारे जेथे बांधून दिलेले असते, तेथे श्रीमंताचा पैसा एका मर्यादेपलीकडे वेग विकत घेऊ शकत नाही. नियम सैल असतील तर एकाने नवे शीड घेतले की दहांना घ्यावे लागते, आणि सर्वांनी घेतल्यावर कोणीच पुढे गेलेला नसतो. खर्च तेवढा झालेला असतो. शस्त्रस्पर्धेचे अर्थशास्त्र शिकविणाऱ्याने उदाहरणासाठी महासत्तांपर्यंत जावयास नको. नियम कडक असलेल्या वर्गात जुनी होडीही झुंज देते, म्हणून तिची विक्रीची किंमत टिकून राहते. फ्लाइंग फिफ्टीनमध्ये जुन्या होड्यांसाठी वेगळे विभाग व बक्षिसे आहेत. थोड्या पैशांत सुरुवात करणाऱ्याला ही सोय मोलाची वाटावी.

एक गोष्ट डिंगीवाल्याला सांगावीच लागते, कारण ती त्याच्या साऱ्या अनुभवाच्या उलट आहे. कीलबोट उलटत नाही, यावरून ती बुडत नाही असे तो गृहीत धरतो. वस्तुतः डिंगी उलटते पण तरंगते. कीलबोट सहसा उलटत नाही, पण आत पाणी भरले आणि हवाबंद कप्पे नसले किंवा त्यांची झाकणे गळकी असली, तर तेच उपकारक लोखंड तिला सरळ तळाशी नेते. जुनी होडी पाहताना रंगाची चमक पाहण्याआधी कप्प्यांची झाकणे उघडून पाहावीत, आणि पंखा जेथे अंगाला जोडला आहे तेथील बोल्टांवर गंज किती चढला आहे ते पाहावे. बुडीत खर्च हा शब्दप्रयोग अर्थशास्त्राच्या पुस्तकातच राहिलेला बरा.

सवयीही बदलाव्या लागतात. डिंगी अडखळली तर चार सेकंदांत पुन्हा वेग घेते. जड होडीचा गेलेला वेग परत येण्यास वेळ लागतो, म्हणून वळण कमी घ्यावयाचे आणि आधी ठरवून घ्यावयाचे. उथळ पाण्यात उडी मारून ढकलता येत नाही. धडक बसली तर ओरखडा पडून भागत नाही.

मुंबईच्या बंदरात हा सर्व विचार वेगळ्या अडचणींतून जातो. १८४६ पासूनचा रॉयल बॉम्बे यॉट क्लब अपोलो बंदरावर आहे, आणि त्याच्या सीबर्ड वर्गाच्या कीलबोटी तेथील शर्यतींचा जुना भाग आहेत. १९८२ च्या आशियाई स्पर्धांतील शिडाच्या शर्यती मुंबईतच झाल्या आणि फारुख तारापोर व झरीर करंजिया यांनी फायरबॉल या ट्रॅपीझच्या डिंगीत सुवर्णपदक मिळविले. परंतु उधाणाच्या दिवशी येथे भरती-ओहोटीतील फरक पाच मीटरांच्या आसपास जातो. ओहोटीला किनाऱ्यालगत चिखल उघडा पडतो आणि खोल पंखा असलेली होडी दूर नांगरूनच ठेवावी लागते. पावसाळ्यात ती पाण्याबाहेर काढावी लागते ती वेगळीच. भारतात या खेळाचा मोठा भार सैन्यदलांनी उचलला आहे. सेवेत असताना मिळणारी डिंगी सेवानिवृत्तीनंतर मिळत नाही, आणि स्वतःची कीलबोट घेणे पगारदाराच्या आवाक्यातले नाही. अशा ठिकाणी व्यक्तीने होडी निवडण्यापेक्षा क्लबाने एकसारख्या सहा-आठ होड्या विकत घेऊन सभासदांना पाळीपाळीने देणे हा अधिक शहाणा व्यवहार आहे. न्यूयॉर्क यॉट क्लबासारख्या धनाढ्य संस्थेनेही न्यूपोर्टला सोनार वर्गाच्या होड्यांचा ताफा स्वतःच्या मालकीचा ठेवला. ज्यांना परवडते तेही जेथे वाटून घेतात, तेथे ज्यांना परवडत नाही त्यांनी लाजण्याचे कारण नाही.

ज्याला क्लबाची होडी मिळण्यासारखी नाही आणि विकतच घ्यावयाची आहे, त्याने एक हंगाम दुसऱ्याच्या होडीत पुढचे शीड सांभाळावे. यासाठी पैसे पडत नाहीत. उलट रविवारी माणूस कमी पडलेला मालक चहाही पाजतो. हंगाम संपताना, ऑक्टोबरच्या सुमारास, होड्या पाण्याबाहेर निघू लागल्या की थकलेले मालक विकावयास तयार होतात. वसंत ऋतूत तीच होडी तोच मालक अधिक किमतीला सांगतो.